शंभर मीटरमध्ये किती दारं?

एखाद्या शहराची मध्यवस्ती पायी हिंडण्याजोगी आहे की नाही, हे ओळखायला नकाशा लागत नाही आणि तज्ज्ञही लागत नाही. मुख्य रस्त्यावर उभं राहायचं, शंभर मीटर चालायचं, म्हणजे साधारण एकशे चाळीस पावलं, आणि चालता चालता रस्त्याच्या एकाच बाजूची दारं मोजायची. माणसं ये-जा करतात अशी खरीखुरी दारं. कायमची बंद शटरं, गोदामाची मागची दारं आणि पार्किंगची फाटकं यात धरायची नाहीत.

डेन्मार्कचे वास्तुविशारद यान गेल यांनी उभं आयुष्य जवळपास याच उद्योगात घालवलं. रस्त्यावर उभं राहून माणसं मोजायची, ती कुठे थबकतात, कुठे भरभर निघून जातात ते टिपायचं. इमारतींच्या दर्शनी भागाची त्यांनी एक प्रतवारी केली. शंभर मीटरला १५ ते २० दारं असतील तर तो रस्ता वरच्या प्रतीचा, आणि दोन किंवा त्याहून कमी असतील तर सगळ्यात खालच्या.

यामागचं गणित अगदी सोपं आहे. माणूस तासाला सुमारे ५ किलोमीटर चालतो. शंभर मीटरला त्याला ७२ सेकंद लागतात. अठरा दारं असतील तर दर चार सेकंदांनी डोळ्यांसमोर काहीतरी नवं येतं: एक खिडकी, एक पाटी, आतून येणारा वास, दारात उभं राहून बोलणारं कुणीतरी. तेवढ्याच अंतरात एकच मोठी इमारत असेल आणि तिची सलग काळी काच किंवा सिमेंटची भिंत असेल, तर ती ७२ सेकंदं कोरडी जातात. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण कोऱ्या भिंतीच्या कडेने चालून बघा. पाय आपोआप जलद पडतात आणि हात खिशातल्या मोबाइलकडे जातो.

गाडीतल्या माणसाला मात्र ही भिंत टोचत नाही. ताशी ५० च्या वेगाने तेच शंभर मीटर सात सेकंदांत संपतात. त्याला लागते ती लांबून वाचता येईल अशी भली मोठी पाटी आणि सोपं वळण. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या अनेक इमारती या सात सेकंदांच्या हिशोबाने बांधल्या आहेत, आणि मग त्यांच्यासमोर बाक ठेवून, फुलझाडांच्या कुंड्या मांडून लोक का येत नाहीत म्हणून बैठका भरतात.

लहान शहराला एक मोठी सोय आयती मिळालेली असते. दहा मिनिटांत माणूस ८०० मीटर चालतो. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर दोन चौरस किलोमीटर भरतात. महानगरात दोन चौरस किलोमीटर म्हणजे एखादा मोहल्ला. पन्नास हजार ते तीन लाख वस्तीच्या शहरात मात्र त्यात जवळजवळ सगळा संसार मावतो: कचेऱ्या, न्यायालय, कॉलेज, नाट्यगृह, दवाखाने, बाजार, स्टेशन. एकाच फेरीत चार कामं होतात आणि वाटेत दोन ओळखीचे भेटतात. हे ओळखीचे भेटणं हा काही योगायोग नव्हे. माणसं थोडी, जागा आटोपशीर आणि सगळ्यांच्या वाटा त्याच, म्हटल्यावर गाठ पडणारच.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू कडू आहे. लहान शहराकडे माणसांची शिल्लक फार नसते. महानगरातून एखादं मोठं कार्यालय बाहेर गेलं तर त्या भागाला खरचटतं, दुसरं कुणी ती जागा भरतं. लहान शहरातलं न्यायालय किंवा कॉलेज बाह्यवळण रस्त्यावर नेलं की मध्यवस्तीतून रोज हजार-दोन हजार माणसांची ये-जा कमी होते, आणि ती भरून काढायला दुसरं कुणी नसतं. जमीन स्वस्त मिळाली, पार्किंगला जागा मिळाली, असं म्हणून हे निर्णय एकेक करून होतात. प्रत्येक निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचाच दिसतो.

माणसं आहेत, पण कधी?

न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर राहणाऱ्या जेन जेकब्स या पत्रकार बाईंनी १९६१ साली या विषयाची चर्चाच बदलून टाकली. नगररचनेची पदवी त्यांच्याकडे नव्हती. होती ती खिडकी आणि निरीक्षणाची सवय. रस्ता जिवंत राहायला चार गोष्टी लागतात, असं त्यांनी मांडलं: वेगवेगळ्या कामांची सरमिसळ, आखूड गल्ल्या, जुन्या-नव्या इमारतींचं मिश्रण आणि पुरेशी दाट वस्ती. या चार गोष्टी आता पाठ्यपुस्तकात गेल्यात, आणि पाठ्यपुस्तकात गेलेल्या गोष्टींचं जे होतं तेच त्यांचं झालं. सगळ्यांना पाठ असतात, का ते कुणी विचारत नाही.

सरमिसळ का हवी, ते एखाद्या खानावळवाल्याच्या गल्ल्यावर बसून पाहिलं की कळतं. रस्त्यावर नुसती कार्यालयं असतील तर त्याला दुपारी एक ते तीन एवढंच गिऱ्हाईक. भाडं मात्र चोवीस तासांचं. दोन तासांच्या कमाईवर तो तग धरत नाही, आणि तो गेला की कार्यालयातली माणसं डबा आणायला लागतात. त्याच रस्त्यावर वरच्या मजल्यांवर घरं असतील तर सकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण वाढतं. नाट्यगृह असेल तर साडेनऊची गर्दी येते. कॉलेज असेल तर अकरा ते पाच कुणी ना कुणी रेंगाळतंच. तेच टेबल दिवसातून पाच वेळा भरतं. रस्ता सुरक्षित वाटतो तोही यामुळेच. रात्री दहाला परतणाऱ्या बाईला दिव्यांपेक्षा जास्त धीर देते ती अजून उघडी असलेली खिडकी आणि तिच्यात दिसणारं माणूस.

जुन्या इमारतींबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. त्या देखण्या असतात म्हणून हव्यात, असं लोक धरून चालतात. जेकब्सबाईंचा मुद्दा देखणेपणाचा नव्हताच, तो भाड्याचा होता. नवी इमारत कर्जावर उभी राहते, तिचं भाडं चढंच असतं, आणि ते परवडतं बँकेला, मोठ्या साखळी दुकानांना किंवा महागड्या हॉटेलांना. जुनी पुस्तकं विकणारा, वाद्यं दुरुस्त करणारी, पहिलंच दुकान टाकणारा तरुण, यांना लागते ती कर्ज कधीच फिटून गेलेली, जरा पोपडे उडालेली जागा. सगळी पेठ एकाच वर्षी पाडून नव्याने बांधली की हे लोक हद्दपार झालेच. दिसायला कितीही चकाचक असो.

आखूड गल्ल्यांचं उदाहरण अमेरिकेतल्या दोन शहरांच्या नकाशात ठळक दिसतं. पोर्टलंडच्या मध्यवस्तीतला चार रस्त्यांमधला एक चौकोन २०० फुटांचा आहे, म्हणजे सुमारे ६१ मीटर. सॉल्ट लेक सिटीतला ६६० फुटांचा, म्हणजे दोनशे मीटरच्या आसपास, आणि त्याभोवतीचे रस्ते १३२ फूट रुंद. पोर्टलंडमध्ये मिनिटभर चाललं की वळायचं की सरळ जायचं हे ठरवता येतं. सॉल्ट लेक सिटीत एकदा फुटपाथ धरला की अडीच मिनिटं त्याच वाटेवर अडकलात, आणि समोरच्या दुकानात जायचं तर आठ-नऊ खोल्यांएवढं रुंद पात्र ओलांडायचं. प्रत्येक कोपरा म्हणजे वाटा वाढणं, वाटा वाढल्या की वेगवेगळे लोक एकमेकांना छेदतात, आणि कोपऱ्यावरचं दुकान दोन्ही रस्त्यांचं गिऱ्हाईक खेचतं. म्हणूनच दुकानदार कोपऱ्याची जागा सोडत नाहीत.

व्हिएन्नाचे दोघे

आता एक गोष्ट सांगतो, कारण 'गाड्या बंद करा म्हणजे रस्ता फुलेल' या समजुतीला तिच्याइतकं चोख उत्तर मला दुसरं ठाऊक नाही.

१९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा व्हिएन्नाहून जे ज्यू अमेरिकेला निसटले त्यांत दोन माणसं होती. एक व्हिक्टर ग्रुएन, वास्तुविशारद. दुसरा मॅक्स हेलर, एकोणीस वर्षांचा पोरगा. दोघांच्याही मनात व्हिएन्नाचे रस्ते होते: झाडं, बाकं, चहा-कॉफीची दुकानं, संध्याकाळी विनाकारण फिरणारी माणसं.

ग्रुएनने १९५६ मध्ये मिनेसोटातल्या इडायना या गावी अमेरिकेतला पहिला बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभा केला. त्याच्या डोक्यात होतं ते छत असलेलं गाव. भोवती घरं, शाळा, बाग, दवाखाना असं सगळं व्हायचं होतं. झाला तो मॉल आणि त्याच्या चहूबाजूंना गाड्यांचं मैदान. पुढे देशभर तेवढंच उचललं गेलं, आणि ग्रुएनने उतारवयात या पोरांचं बापपण चक्क नाकारलं.

पण त्याने दुसरीकडेही हात घातला होता. मिशिगनमधलं कलामाझू हे लहान शहर. मॉलमुळे मध्यवस्ती ओस पडायला लागल्यावर तिथल्या लोकांनी ग्रुएनकडून आराखडा करून घेतला, आणि १९५९ मध्ये मुख्य रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद करून पादचाऱ्यांना दिला. अमेरिकेतला हा असा पहिला रस्ता. त्याचं एवढं कौतुक झालं की पुढच्या दोन-अडीच दशकांत सुमारे दोनशे शहरांनी तीच नक्कल केली. फरशा, कारंजी, बाकं, झाडं, सगळं केलं. आणि यातले बहुतेक रस्ते फसले. दुकानं गेली, रात्री तिथून जायला लोक बिचकू लागले, आणि एकेका शहराने गाड्या परत आत घेतल्या. खुद्द कलामाझूने १९९८ मध्ये काही भाग पुन्हा गाड्यांना खुला केला.

का फसले? कारण रस्ता बंद केला, पण आजूबाजूचं काही बदललं नाही. वरच्या मजल्यांवर कुणी राहत नव्हतं. कार्यालयं पाचला सुटत. भोवताली रुंद वळणरस्ता आणि पार्किंगची मैदानं, म्हणजे पायी येणाऱ्याला आधी ते वाळवंट पार करायचं. जे थोडे लोक गाडीतून जाता जाता दुकानाकडे बघायचे, तेही गेले. उरली ती सुंदर, रिकामी फरशी.

जे टिकले ते पाहिले की कारण आणखी स्पष्ट होतं. शार्लट्सव्हिलचा रस्ता १९७६ चा, बोल्डरचा १९७७ चा, बर्लिंग्टनचा १९८१ चा. तिन्ही गावांत मोठं विद्यापीठ आहे. गाडी नसलेले, वेळ असलेले, रात्री बारापर्यंत जागे राहणारे हजारो तरुण हाकेच्या अंतरावर राहतात. तिथे माणसं आधीच होती, रस्त्याने त्यांना फक्त जागा करून दिली.

हेलरचं काय झालं? व्हिएन्नात एका नाचाच्या कार्यक्रमात त्याची साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल गावच्या एका मुलीशी ओळख झाली होती. तिच्या खटपटीने त्याला त्या गावच्या शर्टांच्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि जीव वाचला. पुढे तो स्वतः कारखानदार झाला आणि १९७१ मध्ये ग्रीनव्हिलचा महापौर. कापडगिरण्यांचं हे गाव तेव्हा उतरणीला लागलं होतं, मुख्य रस्त्यावर चार मार्गिका होत्या आणि दुकानं बंद पडत होती. हेलरने लॉरेन्स हाल्प्रिन या निसर्गरचनाकाराला बोलावलं. (शार्लट्सव्हिलचा रस्ताही त्याच्याच हातचा.) पण ग्रीनव्हिलने रस्ता बंद केला नाही. चारच्या दोन मार्गिका केल्या, उरलेली रुंदी फुटपाथला दिली, झाडं लावली, गाड्या तिरक्या उभ्या करायला थोडी जागा ठेवली. गाडी येऊ शकते, पण सावकाश, पाहुण्यासारखी. त्याच्या जोडीला रस्त्याच्या टोकाला माणसं यावीत म्हणून हॉटेल आणलं, ते १९८२ मध्ये उघडलं.

खरा कळस पुढे झाला. गावातून वाहणाऱ्या रीडी नदीला मुख्य रस्त्यालगतच एक धबधबा आहे, पण त्यावरून चार मार्गिकांचा पूल गेला होता. गावात वाढलेल्या माणसालाही धबधबा धड दिसत नसे. २००२ मध्ये शहराने तो चांगला वापरातला पूल पाडला. लोकांनी बोंब मारली, तशी मारणारच. २००४ मध्ये त्या जागी बाग आणि फक्त पायी जायचा झुलता पूल आला. आज सत्तर हजार वस्तीच्या या गावाकडे दुसरी शहरं शिकायला येतात. हे सगळं व्हायला तीस वर्षं लागली, ही गोष्ट शिकायला येणाऱ्यांपैकी किती जण नेतात, शंका आहे.

गाडी आत येते, आरपार जात नाही

गाड्यांचा मुद्दा टाळता येत नाही, तेव्हा तो नीट पाहू. अडचण गाडी असण्याची कमी आणि वेगाची व संख्येची जास्त आहे. शाळेतलं सूत्र आठवा: गतिजन्य ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ३० च्या जागी ५० चा वेग म्हणजे धडकेची ताकद जवळपास पावणेतीन पट. त्यात आवाज धरा. ५० ने धावणाऱ्या गाड्यांच्या कडेला दोन माणसं साध्या आवाजात बोलू शकत नाहीत, आणि जिथे बोलता येत नाही तिथे कुणी थांबत नाही.

मध्यवस्तीतून जाणाऱ्या गाड्यांचं निरीक्षण केलं की कळतं, बऱ्याच जणांना तिथे यायचंच नसतं. कुणी फक्त आरपार जात असतो, कुणी पार्किंगसाठी तिसरी चक्कर मारत असतो. हे दोन प्रकार काढले की उरणाऱ्या गाड्या फार त्रासदायक नसतात.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने १९७७ च्या सप्टेंबरात हे साधलं. मध्यवस्तीचे चार चतकोर केले. एका चतकोरातून दुसऱ्यात गाडीने सरळ जाता येणार नाही, बाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊन फिरून यायचं. पायी किंवा सायकलने मात्र कुठूनही कुठेही. एका रात्रीत पाट्या बदलल्या. दुकानदार खवळले, पण योजना टिकली, आणि त्या शहरातली सायकलींची रेलचेल आज जगप्रसिद्ध आहे. चाळीस वर्षांनी, २०१७ मध्ये, बेल्जियमच्या गेंट शहराने तीच युक्ती सहा भागांत वापरली. यात कुणाला दारापर्यंत जायला मनाई नाही. फक्त आरपार जाणाऱ्याला मधली वाट लांबची पडते, मग तो आपणच ती सोडतो.

स्पेनच्या वायव्येतलं पोन्तेवेद्रा याहून पुढे गेलं. वस्ती सुमारे ८३ हजार. १९९९ मध्ये मिगेल आन्शो फर्नांडेस लोरेस हे पेशाने डॉक्टर असलेले गृहस्थ महापौर झाले आणि महिन्याभरात जुन्या गावातली तीन लाख चौरस मीटर जागा पादचाऱ्यांना देऊन मोकळे झाले. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. तुम्ही गाडी विकत घेतलीत ही तुमची खाजगी बाब, तिच्यासाठी सार्वजनिक जागा मागायचा हक्क त्यातून येत नाही. गावाबाहेरून येणाऱ्यांसाठी कडेला फुकट पार्किंग ठेवलं, तिथून मध्यापर्यंत चालत यायचं. मोठ्या मॉलना परवानगी नाकारली, त्यामुळे रहदारी गेली तशी दुकानदारी मात्र गेली नाही. तक्रारी नाहीत असं नाही. कडेच्या भागांत गर्दी होते आणि जागा पुरत नाही, असं तिथले लोक म्हणतात.

या गावातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे एक कागद. २०११ मध्ये त्यांनी 'मेट्रोमिनुतो' नावाचा नकाशा काढला. दिसायला हुबेहूब भुयारी रेल्वेच्या नकाशासारखा, रंगीत रेषा आणि गोल गोल स्थानकं. गावात मेट्रो नाही, अर्थात. स्थानकं म्हणजे चौक, बाजार, दवाखाना, स्टेशन, आणि दोन स्थानकांच्या मध्ये लिहिलंय चालत किती मिनिटं लागतात. नगरपालिकेचा खर्च म्हणाल तर छपाईचा. पण अंतराबद्दल आपली कल्पना नेहमी चुकते. 'लांब आहे' म्हणून जिथे गाडी काढतो ते नऊ मिनिटांवर निघतं.

पार्किंगचा विषय निघालाच आहे तर पैशाचं एक उदाहरण. येण्याजाण्याची जागा धरून एका गाडीच्या पार्किंगला २५ ते ३० चौरस मीटर लागतात, म्हणजे लहानशा दुकानाएवढी जागा. डोनल्ड शूप या कॅलिफोर्नियातल्या अर्थशास्त्रज्ञाने हयातभर हेच सांगितलं की फुकट पार्किंग कधीच फुकट नसतं, त्याचं बिल दुसऱ्याच्या नावे फाडलेलं असतं. कॅलिफोर्नियातल्याच पॅसाडीनाच्या जुन्या पेठेत रस्त्यावर उभं राहणं फुकट होतं आणि त्या जागा दिवसभर अडवायचे कोण, तर दुकानांतले नोकर आणि कधीकधी मालकच. गिऱ्हाईक चकरा मारून परत जायचं. १९९३ मध्ये तासाला एक डॉलरची मीटर आली. व्यापाऱ्यांनी विरोध केला. मग पालिकेने कबूल केलं की मीटरचा पैसा याच पेठेत खर्च होईल, फुटपाथ, दिवे, झाडं, साफसफाई यांवर. विरोध मावळला. दोन-तीन तासांनी जागा सुटू लागल्या आणि फुटपाथ दिसायला लागले. लोक कराला विरोध करतात त्याहून जास्त तो कुठे जातो हे न दिसण्याला करतात, असं माझं मत झालं आहे ते या उदाहरणामुळे.

खुर्ची चार इंच सरकवणं

रस्ता चालण्याजोगा झाला तरी माणसं रेंगाळतील असं नाही. त्यासाठी बसायला हवं. हे इतकं उघड आहे की कुणाच्या ध्यानात येत नाही. १९७० च्या दशकात शहरातल्या माणसांच्या वागण्याचा अभ्यास करणारे विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावले. काही चौक भरलेले, काही रिकामे, असं का हे शोधायचं होतं. ऊन, आकार, सौंदर्य सगळं तपासून उत्तर निघालं ते असं की लोक तिथे बसतात जिथे बसायला जागा आहे. व्हाइट स्वतःच यावर हसले होते.

त्यांच्या चित्रफितींत एक गंमत वारंवार दिसते. मोकळ्या, सुट्या खुर्च्या ठेवलेल्या असतील तर माणूस येतो, खुर्चीला हात लावतो, ती चार इंच इकडे किंवा तिकडे सरकवतो आणि मग बसतो. ना ऊन बदलतं, ना समोरचं दृश्य. तरी सरकवतोच. पक्क्या बसवलेल्या बाकावर ही मुभा नसते. दोन अनोळखी माणसांना शेजारी बसायचं असेल तर चार इंचांत सगळं सांगून होतं: तुझ्याशी भांडण नाही, पण मी वेगळा बसलोय. व्हाइट यांच्या सल्ल्याने न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कमध्ये सुट्या खुर्च्या आल्या आणि १९९२ मध्ये नव्याने उघडलेलं ते मैदान ओळखू येईना. त्यांचं दुसरं निरीक्षण असं की गप्पा मारणारे लोक बाजूला होत नाहीत, गर्दीच्या ऐन मधोमध उभे राहतात. माणसाला माणसं बघायला आवडतात, एवढाच याचा अर्थ.

यात सगळे धरलेत का, हा प्रश्न मात्र विचारावाच लागतो. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना आठशे मीटर म्हणजे दहा मिनिटं नसतात. जुन्या गावातले गोल दगड फोटोत छान दिसतात, चाकाच्या खुर्चीखाली दात खिळखिळे करतात. स्लोव्हेनियाच्या ल्युब्लियानाने २००७ पासून मध्यवस्ती गाड्यांना बंद करायला सुरुवात केली तेव्हा 'कवालिर' नावाच्या विजेवरच्या छोट्या गाड्या सोडल्या. हात दाखवा, थांबते, पैसे नाहीत, वेग चालण्याहून थोडा जास्त. मालाच्या गाड्यांचं उत्तर बहुतेक शहरांत सारखंच आहे: सकाळी ठरावीक वेळेपर्यंत या, माल टाका, निघा. सकाळी नऊला असा रस्ता पाहिलात तर ट्रकच ट्रक दिसतील, आणि फसवलं गेल्यासारखं वाटेल.

खरा धोका मात्र यशाचा आहे. रस्ता फुलला की भाडी चढतात. आधी चांभार जातो, मग किराणावाला, मग वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड, आणि त्यांच्या जागी पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या आणि आठवणवस्तूंची दुकानं येतात. गर्दी तीच, किंबहुना जास्त, पण ती दुसऱ्या दिवशी परत न येणारी. व्हेनिसच्या जुन्या शहरात गाडी नाही, दारं भरपूर, गल्ल्या आखूड, सगळी लक्षणं जमून आलेली. १९५१ मध्ये तिथे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला.

म्हणून वरच्या मजल्यांकडे बघायचं. कित्येक जुन्या पेठांत तळमजला झगमगतो आणि वरच्या खिडक्या वर्षानुवर्षं अंधारात असतात. याचं एक कारण इतकं साधं आहे की हसू येतं. पूर्वी दोन दुकानांच्या मध्ये अरुंद दार असायचं, त्यातून जिना वर घराकडे जायचा. पुढे दुकानदाराला काच रुंद करायची होती, तर त्याने ते दार आणि जिन्याचा खालचा भाग दुकानात घेतला. काच तीन-चार फूट वाढली. वर जायला मात्र आता दुकानातूनच वाट, आणि संध्याकाळी दुकान बंद. मग वर खोकी ठेवायची, दुसरं काय होणार. जिना परत काढायचा तर दर्शनी काचेतले तेच तीन-चार फूट दुकानदाराकडून सोडवून घ्यावे लागतात, आणि कुठल्याही सुशोभीकरणाच्या आराखड्यात ही बाब नसते.

तेव्हा शंभर मीटर चालताना ही दारं वेगळी मोजा: दोन दुकानांच्या मध्ये दबलेली, बाजूला घंटीची तीन-चार बटणं आणि नावांच्या छोट्या पाट्या असलेली. आणि जमलं तर रात्री आठनंतर पुन्हा एक फेरी मारून वर किती खिडक्यांत दिवे आहेत तेही बघा.